ध्यानातनं गेलं

सलिमा मॅडमच्या क्लासमध्ये त्या आठवड्यात आठवण आणि विसर यांवरची इंग्रजी वाक्यं होती. कोरेगावच्या स्टँडमागं, चपलांच्या दुकानावरची ती खोली. आम्ही सात जणी आणि बंद पडलेला पंखा. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'इट स्लिप्ड माय माइंड.' म्हणजे मनातून निसटलं. त्याखाली 'डझन्ट रिंग अ बेल', म्हणजे ऐकल्यासारखं वाटत नाही.

"कस्टमरला 'तुम्ही विसरलात' असं तोंडावर म्हणायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "निसटलं असेल, म्हणायचं. मग दोष कुणाचाच राहत नाही."

मला हसू आलं. यात पैसे भरून शिकायचं काय? आमच्या सासरी दुसरं काय चालतं? भावकीतल्या लग्नाला जायचं नसलं की 'तारीख ध्यानातनं गेली'. कुणाला पत्रिका द्यायची नसली की तीही ध्यानातनं गेली. ऐकणारा मान हलवतो आणि समजायचं ते समजतो. माझं माहेर सांगलीचं, तिथं माणसं तोंडावर भांडून मोकळी होतात. इथं तोंडावर 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं, विसरणं सभ्यपणाचं. तीन वर्षांपूर्वी सून होऊन आले तेव्हा पहिलं हेच शिकले.

आता ते माझ्यावरच आलं होतं. पुण्यातल्या एका कंपनीत ग्राहकांशी फोनवर इंग्रजीत बोलायची नोकरी मला मिळाली होती. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत मूळ सर्टिफिकेटं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. आणि माझी सर्टिफिकेटं सासऱ्यांच्या काळ्या ट्रंकेत. "मिलिटरीची पेटी हाय, उंदीर सुदीक शिवायचा न्हाई," म्हणून लग्न झालं त्याच महिन्यात त्यांनी ती ठेवून घेतली होती. सासूबाई आधीच गेलेल्या. शिवतेज, माझा नवरा, आसामात ड्यूटीवर. घरात मी, सासरे म्हणजे निवृत्त सुभेदार नानासो, आणि ती पेटी.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. सोमवारी म्हटलं, "मामा, माझी कागदं पायजेत."

"देतो की."

मंगळवारी म्हणाले, "ध्यानातनं गेलं, पोरी." बुधवारी तेच. किल्ली कायम त्यांच्या करदोट्याला असायची, तीही तिथं दिसेना. विचारलं तर म्हणाले, "जपून ठेवलीया."

रात्री शिवतेजला फोन केला. तो म्हणाला, "अगं, समजून घे की. त्यांना आवडलेलं न्हाई."

"मग तसं म्हणावं की."

"ते कसं म्हणतील?"

मग मला सगळंच दिसायला लागलं. गॅसवर दूध उतू जात होतं आणि मामा शेजारी उभे राहून बघत होते. सकाळी फिरायला गेलेले दुपारी एकला परत आले, "दादासोनं थांबवलं" म्हणाले, आणि शेजारचा दादासो तर उंब्रजला लेकीकडं गेलेला. सून गेली की घराचं कसं वाटोळं होईल, ते मला आधीच दाखवून देतायत, असं वाटलं. मी तणतणत होते. गुरुवारी त्यांच्याशी बोललेच नाही.

शुक्रवारी पहाटेच आवरून बसले. पुण्याची गाडी साडेसातला. मामा चहा ठेवायला उठले तसा माझा तोल गेला.

"मामा, नको म्हणायचं असंल तर नको म्हणा. पण विसरलो म्हणू नका."

ते थांबले. पेटीकडं बघितलं. हात कमरेला गेला, तिथं काही नव्हतं. मग चहाच्या डब्यात बघितलं. देवांच्या मागं. पिठाच्या डब्यात. परत चहाच्या डब्यात. तिसऱ्यांदा त्याच डब्यात हात घातला तसा माझा राग जागच्या जागी गार झाला.

"मला खरंच ठावं न्हाई गं," ते म्हणाले.

वरवंटा त्यांनीच आणून दिला. चार घावांत कुलूप तुटलं. माझी फाईल सगळ्यात वर होती, वर एक कागद टाचलेला. त्यांचं उभं, पलटणीतलं अक्षर.

'प्रिया. शिवतेजची बायको. शुक्रवारी हिला ही कागदं द्यायची. विसरायचं न्हाई. किल्ली कुरडयांच्या डब्यात ठेवली हाय.'

मी उठून फळीवरचा डबा काढला. उन्हाळ्यात भरलेल्या कुरडयांमध्ये किल्ली होती. ती कुठं आहे ते त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि लिहिलेलं पेटीत घालून कुलूप लावलं होतं. मंगळवारपासून तो माणूस खरं तेच सांगत होता आणि मी नि शिवतेज 'नाही' ऐकत होतो.

"जा, गाडी चुकंल," मामा म्हणाले.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी चपला घातल्या, फाईल काखेत घेतली, आणि उंबऱ्यात वास आला. शेगडीचं बटण फिरवलेलं होतं, काडी लावलेली नव्हती. मी परत आत गेले, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मामा खाटेवर बसून तो कागद वाचत होते, दुसऱ्या कुणाचं पत्र आल्यासारखं.

मला त्यांची दया आली हे खरं, पण त्याहून जास्त चीड आली. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी भांडले असते, बॅग उचलून गेले असते. आता भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. शिवतेजची सुट्टी मार्चात. साडेसात वाजले. पावणेआठ झाले. मी चपला काढल्या आणि चहा केला.

कप हातात घेऊन मामा माझ्याकडं आणि मांडीवरच्या फाईलकडं बघत राहिले.

"पोरी, तुला आज पुण्याला जायचं हुतं न्हवं?"

"व्हय, मामा."

"मग गेली न्हाईस ती?"

"ध्यानातनं गेलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि समजायचं ते समजले.