पट्टीखालचा उजेड

मिस्त्रींनी ऑइलची काडी फडक्याला पुसली आणि फडकं झटकन मुठीत दडवलं. पण ड्रायव्हरने पाहायचं ते पाहिलं होतं. ऑइल चहासारखं दुधाळ झालं होतं, म्हणजे इंजिनात पुन्हा पाणी शिरलं होतं.

"मिस्त्री, महिन्यात दुसऱ्यांदा! भरल्या गाडीनिशी चढावर पाच तास अडकलो. मालक म्हणतो, तूच इंजिन तापवतोस. आता घरीच बसवणार मला."

"हेडचं पॅकिंग खराब निघालं असणार. हल्लीच्या मालात दम कुठे राहिलाय?" मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींनी बसवलेलं हेड, म्हणजे इंजिनावरचं जड झाकण, पुन्हा खोलावं लागत नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि ती पसरवण्यात त्यांनी स्वतःही काही कसर ठेवली नव्हती. त्यांची पद्धत साधी होती. हेड उलटं ठेवायचं, त्यावर पोलादी पट्टी उभी धरायची आणि पलीकडून बॅटरी मारायची. पट्टीखालून उजेड दिसला, की हेड वाकलेलं, आणि वाकलेलं हेड बसवलं की फटीतून पाणी ऑइलमध्ये शिरणारच. फट मोजायचं, बारीक पात्यांचं फिलर गेज त्यांच्याकडेही होतं. पण ते आंधळ्यांसाठी असतं, असं म्हणून त्यांनी ते खणात टाकून दिलं होतं.

दुपारपर्यंत इंजिनाची दोन्ही हेडं खोलून टेबलावर आली. मिस्त्रींच्या मुलीने नेहमीप्रमाणे बॅटरी धरली. फ्रॉक घालायची तेव्हापासून ती हेच करत आली होती आणि हात जरा हलला की बोलणी खात आली होती. आता गॅरेजचं निम्मं काम तीच ओढत होती. गेल्या खेपेला मात्र ती बाहेरच्या कामावर होती, आणि मिस्त्रींनी हेड एकट्यानेच तपासलं होतं.

मिस्त्री वाकले, एक डोळा मिटून पाहू लागले.

"बघ, सगळं काळं. हेड एकदम सरळ आहे."

मुलगीही वाकली. पट्टीखाली मधोमध बोटभर लांबीची उजेडाची रेघ स्वच्छ दिसत होती. ड्रायव्हर शेजारीच उभा होता.

"बाबा, मला नीट दिसत नाहीये. पातं घालून बघू?"

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी खोटं बोलायला लागली, की नाकावरचा घाम पुसते, आणि आत्ताही ती तेच करत होती. त्यांनी खणातून फिलर गेज काढलं, पातं निवडलं आणि स्वतःच्या हाताने पट्टीखाली सरकवलं. ते कुठेही न अडता आत गेलं. जाड पातं घेतलं, तेही गेलं.

मिस्त्रींना ओशाळल्यासारखं झालं. पट्टी खोटं बोलत नव्हती, पॅकिंगही चांगलंच होतं. ते बराच वेळ हात पुसत राहिले.

"मालकाला फोन लाव," शेवटी ते ड्रायव्हरला म्हणाले. "मी बोलतो. इंजिन तू नाही तापवलंस. गेल्या वेळी वाकडं हेड मीच बसवलं. मला दिसलं नाही."

फोन झाला. ड्रायव्हर मिस्त्रींसाठी पाणी आणायला गेला.

दुसरं हेड अजून तपासायचं होतं. मिस्त्रींनी पट्टी मुलीच्या हातात दिली, तिच्याकडची बॅटरी घेतली आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. त्यांचा हात थरथरत होता.

मुलगी वाकली. उजेड स्थिर होईपर्यंत थांबली.