ग्रँटच्या मापाचा कोट

“हात वर कर,” मी म्हटलं, आणि वॅटी मिल्नने दोन्ही हात थेट छताकडे नेले.

“अरे, इतके नकोत! छाती मोजायचीय, झडती नाही घ्यायची.”

तो लाजला. साठीला टेकलेला माणूस, पण लाजला की अजून कान लाल होतात. फॉरफर गावात बेकरीची गाडी चालवण्यात त्याचा जन्म गेला. पहाटे घरोघर पाव, दुपारी खिमा भरलेल्या ब्रायड्या. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, तेव्हाही असाच मुखदुर्बळ. त्या दिवशी मात्र केस पाण्याने चापून, नवेकोरे लोकरी मोजे घालून आला होता. आयोनाचं लग्न ठरलं होतं. आयोना त्याच्या पोटची नव्हे, बायकोची. चार वर्षांची असताना आईचं बोट धरून ती याच्या घरात आली. तिचा खरा बाप ग्रँट तेव्हाच कॅनडाला पळाला होता.

माझं दुकान किल्ट, म्हणजे आमच्या स्कॉटिश पुरुषांचे चौकड्यांचे घागरे, आणि वरचे कोट भाड्याने देण्याचं. बाप्यांचे गुडघे बघून बघून पुरुषजातीबद्दल माझं मत जे व्हायचं ते होऊन बसलंय. वर्षभर ढगळ पँटीत वावरतात, आणि लग्न आलं की प्रत्येकाला एकदम सरदार व्हायचं असतं. किल्टचं एक वेळ ठीक आहे, पट्टे ओढले की कुणालाही बसतो. खरी परीक्षा कोटाची. आणि आमच्याकडे लग्नात नवरदेव, त्याचे सोबती आणि मुलीचा बाप, सगळ्यांचे कोट एकसारखे. बाकीच्या पाहुण्यांनी काय वाटेल ते घालावं. कोण घरचं आणि कोण जेवायला आलेलं, ते कोटावरून कळतं.

शीना, म्हणजे वॅटीची बायको, माझ्या एकुलत्या एका खुर्चीत विराजमान झाली होती, आणि आयोना तिच्या मागे उभी होती. “आधी तो मखमलीचा दाखव, नेटी. गळ्याशी लेसवाला.”

मी चढवला. वॅटीने आरशात पाहिलं.

“नेटी, मी केकसारखा दिसतोय गं.”

आयोना खळखळून हसली. शीना नाही हसली. “फोटोत भारी दिसेल,” म्हणाली. हिला आयुष्यभर फोटोच काढायचे होते, संसार आपला मधल्या वेळात उरकला.

मग मी शेवाळी रंगाचा लोकरीचा कोट दिला. वॅटीने तो घातला, बाह्या खाली ओढल्या, खिशांत हात घालून पाहिले आणि पहिल्यांदाच सरळ उभा राहिला.

“हा बरा आहे,” तो म्हणाला. “यात मला अवघडल्यासारखं नाही होणार. म्हणजे, चर्चमध्ये हिला नवरदेवापर्यंत घेऊन चालताना.”

आयोना माझ्या टोप्यांच्या मांडणीकडे असं निरखून बघायला लागली, जशी काही टोपीच घ्यायला आली होती.

“अरे देवा! वॅटी, हे तुझ्यासाठी नाहीये रे!” शीना म्हणाली. “ग्रँट येतोय ना कॅनडाहून. शुक्रवारी पोचणार, त्याला मापाला वेळ कुठला? तुम्ही दोघं एकाच अंगाचे, म्हणून तर तुला आणलं.”

“मला वाटलं, आईने सांगितलं असेल,” आयोना टोप्यांना म्हणाली. “तो माझा डॅड आहे ना, वॅटी. एकदाच तर येतोय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोपऱ्यात माझा लाकडी पुतळा उभा होता. तो न्यायचा होता मापाला. त्याला निदान कुणी नवे मोजे घालून यायला लावलं नसतं.

“हो, हो. बरोबरच आहे,” वॅटी म्हणाला. त्याने तो शेवाळी कोट काढला, खांदे झटकले, नीट टांगला. “मग काळा घ्या. ग्रँटला काळा शोभतो.”

काळा म्हणजे आखूड, चांदीच्या बटणांचा. तो संध्याकाळच्या मेजवानीचा कोट आहे, पण हल्ली भर दुपारी सगळे त्यात मिरवतात. मी सांगणं सोडून दिलंय. वॅटी पुन्हा हात पसरून उभा राहिला, आता दुसऱ्यासाठी. मी पाठीत पिना टोचत होते, तर हळूच म्हणतो, “कमरेत सैल कर. चांगला चार बोटं. आयोनाशी फोनवर बोलताना दिसतो ना तो. पोट सुटलंय.”

“सुटू दे! बसू दे मेल्याला तटतटून!”

“फोटो तिचे आहेत, नेटी.”

असल्या माणसांची मला चीड येते. लोकांनी पायाखाली घातलं, तर हे खाली पडल्या पडल्या विचारणार, पाय दुखला नाही ना? केला मी कोट सैल. चार बोटं.

लग्नाच्या दिवशी मी चर्चच्या दारात उभी होते. आमंत्रण नव्हतं. पण आपले कोट अंगावर कसे बसलेत ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. कोट झकास बसले होते. आतली माणसं जाऊ द्या.

ग्रँटचा पत्ता नव्हता; त्याचे भाड्याचे कपडे चर्चच्या मागच्या खोलीत तसेच टांगलेले. शुक्रवारी उतरला होता, पण एडिनबरात दोस्त भेटले, आणि सकाळपासून फोनवर एकच पालुपद, “निघालोच!” पाद्रीबुवा घड्याळ बघत होते. शीना लालबुंद झाली होती. तपकिरी सूट घातलेला वॅटी एका हातात फुलं आणि दुसऱ्या हातात आयोनाच्या झग्याचा घोळ धरून उभा होता.

“वॅटी,” आयोना एकदम म्हणाली, “तू चल. जा, ते कपडे घालून ये.”

“अगं, कोट ढगळ होईल त्याला!” शीना ओरडली. “शोभा होईल!”

“मग पिन द्या कुणीतरी!”

मी पर्समधून चार सेफ्टीपिना काढल्या. लावायला पुढे झाले, तर पोरीने माझ्या हातातून घेतल्या. कपडे बदलून आलेल्या वॅटीच्या पाठीमागे उभी राहून तिने स्वतः कोटाची चूण घेतली आणि चारही पिना लावल्या. वॅटी श्वास रोखून उभा होता.

मग तो तिला घेऊन आत गेला. हात कसा धरायचा ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पावांचा ट्रे धरतात तसा त्याने हात आडवा धरला होता, आणि त्यावर तिचा हात. एकदाही डावीकडे-उजवीकडे बघितलं नाही. मला सर्दी झाली होती, म्हणून मी नाक पुसलं.

बाहेर आल्यावर फोटोवाल्याने सगळ्यांना पायरीवर उभं करायला घेतलं, आणि नेमकी टॅक्सी आली. ग्रँट उतरला. गॉगल, दोन्ही हात पसरलेले. “कुठाय माझी राणी?” हसतोय मेला! लाज नाही, शरम नाही. म्हणे रस्त्यात गर्दी होती. आणि शीना, जी तासभर त्याच्या नावाने बोटं मोडत होती, ती लगेच विरघळली.

“वॅटी, कोट काढ बाबा लवकर. फोटोला उन्हं जातील.”

मी आयोनाकडे पाहिलं. एक शब्द. एक शब्द बोलली असती, तर मी तिला जन्मभर मानलं असतं. ती फुलं नीट करत बसली. वॅटीने तोवर बटणं काढलीसुद्धा होती.

थोड्या वेळाने तो आपल्या तपकिरी सुटात माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

“नीट बसलाय ना गं त्याला?”

बसला होता. बेतून शिवल्यासारखा बसला होता. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, “हसा,” ग्रँट ऐटीत मागे रेलला, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी त्याने “आई गं!” म्हणून किंकाळी फोडली.

“चार होत्या,” वॅटी समोर बघत म्हणाला. “घाईत तीनच सापडल्या.”

सोमवारी तोच सगळे कोट परत घेऊन आला. दुसरं कोण येणार? अंगात बेकरीचा पांढरा डगला, दोन्ही हातांवर पिशव्या. रश्शाचे डाग, एका खिशात अर्धा खाल्लेला बटाटा. सरदार सगळे.

“फोटो आले?” मी विचारलं.

“आले की. आयोनाने दाखवले. छान आलेत.”

“तू आहेस का त्यात?”

“एकात आहे. केकच्या मागे.” मग म्हणाला, “केक छान दिसतोय.”

मी काळा कोट उलटा केला. पाठीच्या अस्तरात ती चौथी पिन तशीच होती, वाकडी, उघडी. मी काढली आणि डब्यात टाकणार, तर तो म्हणाला, “ती देतेस मला?”

“पिन? अरे, डबाभर आहेत. ने मूठभर.”

“नको. तीच दे.”

मी दिली. त्याने ती बोटांनी जरा सरळ केली, डगल्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी लावली आणि चाचपून पाहिली. मग पाव गार होतायत म्हणाला आणि गेला.