बोर्डासमोर इस्त्रीचा शर्ट

विजयलक्ष्मी गेली त्या दिवशी फोन वाजत राहिला आणि मला तो घेता आला नाही. माझी बोटं काचेवर सरकत नाहीत. ती चेन्नईत, जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारात मिरच्या आणायला गेली होती. मला वाटलं तीच करते आहे, कुठल्या घेऊ म्हणून विचारायला. थोड्या वेळानं शेजारचे नारायणस्वामी दारात आले. माझ्याकडून फोन उचलला जात नाही हे माहीत असल्यानं तिनं पर्समध्ये त्यांचा नंबर ठेवला होता.

“वादिराज, शर्ट घाल. इस्पितळात जायचं आहे,” ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच मला शर्ट घातला. आम्ही पोचायच्या आधीच ती गेली होती. भर बाजारात कोसळली, हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी फौजेत गाड्या चालवायचो, हवालदार होतो. सिक्कीममध्ये ट्रक दरीत गेला, तेव्हा माझा मानेचा मणका दुखावला. पाय चालतात. हात दिसायला धड आहेत, पण पकड नाही. घरी पाठवल्यावर इथं चेन्नईजवळ, आमच्या आवडी गावातल्याच एका गोदामावर रखवालदार म्हणून राहिलो होतो. फाटकाचं कुलूप मला उघडता येईना. मालक चांगला होता, महिनाभर स्वतः उघडत होता, पण असं किती दिवस चालणार? त्यानंतर काम केलेलं नाही.

आमच्या पेन्शनमध्ये अपंगत्वाचा वेगळा भाग असतो. तो मेडिकल बोर्डाच्या टक्क्यांवर ठरतो. माणूस काम करू शकतो का, त्याला सोबतीला कोणी लागतं का, हे बोर्डाचे डॉक्टर तपासून लिहितात. माझ्या कागदावर त्यांनी लिहिलं होतं की टक्के वीस, हलकं काम करू शकतो, सोबतीची गरज नाही.

बोर्डाला बोल लावता येणार नाही. त्या दिवशी विजयलक्ष्मीनं पहाटे उठून माझी दाढी केली होती, कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, बूट चकचकीत करून नाड्या बांधल्या होत्या. “फौजेतला माणूस आहात. साहेबांपुढं गबाळं जाऊ नका,” असं तिचं म्हणणं. मी ताठ आत गेलो. साहेबांनी विचारलं, “आपलं आपण सगळं करता?” मी म्हटलं, “होय साहेब.” फौजेत साहेबांना दुसरं उत्तर देत नाहीत. आणि घरी सगळं होतच होतं.

त्यावर अपील तिनंच केलं, कचेऱ्यांच्या सगळ्या खिडक्यांवर तीच उभी राहिली. नव्या बोर्डाची तारीख तिचं तेरावं झाल्यावर आली. या वेळी तेच उत्तर आलं, तर पुढं निभावणं कठीण होतं. काम नाही आणि आता घरात करणारंही कोणी नाही.

तारखेच्या सकाळी तिचा धाकटा भाऊ सुधींद्र आला. तो रणगाड्यांच्या कारखान्यात फोरमन आहे. पिशवीतून त्यानं वस्तरा, पॉलिश आणि नवाकोरा शर्ट काढला.

“हलू नका हो भावोजी. रणगाडा वळतो, तुमची मान वळेना.”

“तुझ्या रणगाड्याला असंच कापतोस का?”

“अय्यो, एवढंसं तर लागलंय! अक्का गेली म्हणून काय भिकाऱ्यासारखं नेऊ तुम्हाला? लोक काय म्हणतील?”

साहेबांपुढं जायचं तर नीट जायचं, हे मलाही पटत होतं. कठड्यापलीकडून नारायणस्वामी बघत होते. “पुन्हा नवरदेव चालला,” ते म्हणाले. “या वेळी शंभर टक्के लग्न ठरतंय वाटतं.” सुधींद्रला राग आला. त्यानं जरा जास्तच जोरानं माझे बूट पुसले.

बोर्डात एक मॅडम होत्या, मेजर. त्यांनी कागद वाचला, मग माझ्याकडं बघत हिंदीत विचारलं, “हवालदार, आज कपडे कोणी घातले?”

“मेहुण्यानं, मॅडम.”

“आणि काल?”

“काल शर्ट घातला नव्हता.”

“त्याच्या आधी?”

“बायको घालायची.”

“मग मागच्या वेळी आपलं आपण करतो असं का सांगितलं?”

“आमच्यात ते वेगळं मोजत नव्हतो, मॅडम,” मी म्हटलं.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “वरचं बटण काढा आणि परत लावा.”

मी हात वर नेला. मनगटानं दाबलं, बोटाच्या पेरानं ढकललं, हनुवटी खाली घेतली. नव्या कापडाचं काज घट्ट होतं. सुधींद्र मदतीला पुढं आला, तसं मॅडमनी त्याला हातानं थांबवलं. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी प्रयत्न करत राहिलो, कारण थांबा असं कोणी म्हटलं नव्हतं. शेवटी त्याच म्हणाल्या, “बस. राहू द्या.”

परतताना लोकलमध्ये सुधींद्र खिडकीतून बाहेर बघत होता. आंबत्तूर स्टेशन गेल्यावर म्हणाला, “भावोजी, मला वाटायचं अक्का उगाच तुमचे लाड करते.”

“थोडे करायचीही,” मी म्हटलं. तो हसला, मग त्यानं रुमाल काढला.

निकाल आला आहे. शंभर टक्के, कोणतंही काम करण्यास असमर्थ, कायम सोबतीची गरज. सोबतीसाठी वेगळा भत्ता मिळतो. सुधींद्रनं एक माणूस शोधून आणला, पूर्वी इस्पितळात रुग्णांचं करायचा. स्वभावानं शांत आहे, आमच्या घरची भाषा त्याला येत नाही, पण तमिळवर भागेल. त्यानं सगळं घर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं आणि विचारलं, “कधीपासून येऊ?” कळवतो असं सांगून मी त्याला पाठवलं. सध्या सकाळी नारायणस्वामी येतात आणि रविवारी सुधींद्र.

त्या माणसाला मी अजून हो म्हटलेलं नाही. विजयलक्ष्मी करायची, त्याचा पगार ठरवायला जमत नाही.