दिवा ठेवायचा राहिला

आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य लिफ्टमध्ये गेलं. म्हणजे लिफ्ट दुरुस्त करण्यात. गुडघ्यांनी संप पुकारला आणि हे घरी बसले, तेव्हा सुरुवातीला घरातली बिजागरं, नळ आणि माझं वागणं अशा तिन्ही गोष्टी त्यांनी दुरुस्तीला काढल्या. शेवटी मी लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते, कॉम्प्युटरवर त्रिमितीय चित्रं करणं हेच तिचं काम. तुझ्या बाबांना कशात तरी गुंतव, नाहीतर मी तुझ्याकडे राहायला येते, असं तिला सांगितलं. धमकी लागू पडली. पुढच्या खेपेला ती आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आली, तो टीव्हीला जोडला आणि ते चित्रांचं सॉफ्टवेअर बाबांच्या गळ्यात बांधून गेली.

ते उघडलं की मधोमध एक करडा ठोकळा येतो. सोबत एक कॅमेरा आणि एक दिवा आयताच मिळतो. ठोकळ्यातून तीन रेषा निघतात, लाल, हिरवी आणि निळी. त्यातली निळी वर-खाली जाणारी. हे म्हणाले, जन्मभर मी ह्या निळ्या रेषेवरच नोकरी केली, आता उरलेल्या दोन शिकायच्या.

पहिली हौस किटली बनवण्याची होती. ती झाली बुटासारखी. मग लेकीने सांगितलं की बाबा, वस्तू नका करू, नुसते आकार करा. आकार पिळा, वाकवा, एकाच्या अनेक प्रती गोलात फिरवा, कुठे काच लावा, कुठे धातू, आणि त्यावर प्रकाश कसा पडतो ते बघा. ह्यांना ते पटेना. ज्याचा उपयोग नाही ते करायचं कशाला, म्हणून दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी एक पट्टी पिळून तिला तांब्याचा रंग दिला आणि तिच्याकडे बघतच राहिले. मला हाक मारली, "अगं, हे कशाचंच नाही, तरी बघावंसं वाटतंय." त्या दिवसापासून ते कामाला लागले. चित्र तयार होताना आधी रवाळ दिसतं, मग हळूहळू निवळतं. त्याला वेळ लागतो आणि तेवढा वेळ कॉम्प्युटरचा पंखा घोंघावत असतो.

रंगांचं खातं माझ्याकडे. मी वर्षानुवर्षं दोरे-बटणांच्या दुकानात काउंटरवर होते. लोक कापडाचा तुकडा आणायचे आणि मी त्याला तंतोतंत दोरा काढून द्यायचे. ह्यांना मात्र राखाडी आणि मोरपिशी एकच. त्यामुळे सारखी हाक यायची, "जरा बघ गं." आणि तिथेच माझी पंचाईत होती.

दोन्ही डोळ्यांत थोडा डाग आहे, एवढं ह्यांना ठाऊक होतं. शेवटच्या तपासणीला मी एकटीच गेले, कारण ह्यांचे गुडघे. आल्यावर सांगितलं, आहे तसंच आहे. खरं म्हणजे तसं नव्हतं. मधलं सगळं गेलं होतं. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जायचं, कडेकडेचं तेवढं राहायचं. दाराची चौकट दिसायची, दारात उभा असलेला माणूस नाही. ह्यांचा चेहरा गेला होता. हे कुणालाच सांगवेना, आणि ह्यांना तर नाहीच. गळका नळ ज्यांना झोपू देत नाही, त्यांनी दुरुस्त न होणाऱ्या बायकोचं काय करायचं?

एक युक्ती सापडली होती. तोंड खिडकीकडे केलं की नजरेच्या कडेला हे थोडेफार यायचे. म्हणून मी खिडकीकडे बघून बोलायला लागले. ह्यांना वाटलं मी रुसलेय. बिचाऱ्यांनी लेकीला विचारलं, माझं काय चुकलं? मग एकेक आठवून माफी मागत बसले. ज्या चुका मला माहीतही नव्हत्या, त्या तेवढ्या मला कळल्या.

रंगांचं मी असंच निभावून न्यायचे. तुम्ही कोणता घातलाय, हे आधी काढून घ्यायचं आणि मग म्हणायचं, जरा उजळ करा.

मग ह्यांनी एक चित्र लेकीला न विचारता करायला घेतलं. पडद्यावर आपोआप येणारं सगळं पुसून टाकलं, कॅमेरा पुन्हा मांडला, आकार उठून दिसावेत म्हणून पाठचा भाग काळा केला. निळं चित्र आहे, एवढंच मला सांगितलं. चित्र तयार करायचं बटण दाबून स्वयंपाकघरात आले, आम्ही चहा घेतला. पंखा थांबल्याचं ऐकू आलं तसे मला हाताला धरून टीव्हीसमोर घेऊन गेले.

"बघ," म्हणाले.

मी बघितलं. काही नाही. तोंड खिडकीकडे केलं. तरी काही नाही. दुसऱ्या बाजूला वळवलं, तिकडेही पडद्याच्या जागी नुसता काळोख. मनात म्हटलं, कडाही जायला लागल्या, आता सगळंच जाणार. आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "छान झालंय. निळा अगदी खुलून आलाय."

हे माझा हात सोडून पडद्याजवळ गेले.

"अगं, सगळं काळं आहे," म्हणाले. "पुसताना दिवाही पुसला गेला. नवा ठेवायला विसरलो मी."

मला आधी हसू आलं. उरलेली नजर शाबूत होती, अंधार पडद्यावरच होता. मग एकदम रडू आलं आणि ते काही केल्या थांबेना. ह्यांनी स्टूल ओढलं, समोर बसले. किती दिसतं, विचारलं. मधलं गेलंय, मी सांगितलं.

"माझं तोंड?"

"कान दिसतात. खिडकीकडे बघितलं तर तुम्ही थोडे अजून."

"म्हणजे तू रुसली नव्हतीस."

"नाही हो."

"मग माझी माफी परत दे," म्हणाले, आणि माझा हात घट्ट धरला. हे दुरुस्त होणारं नाही ना, असं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "बरं," एवढंच म्हणाले. बिघडलेल्या गोष्टीला ह्यांनी नुसतं बरं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण हा माणूस स्वस्थ बसणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या मधोमध कागदाचा कपटा चिकटवला. मला ठरल्या जागी खुर्ची दिली, कपट्याकडे सरळ बघ म्हणाले, आणि कडेकडून बोट आत आणत गेले. बोट नाहीसं झालं की मी सांगायचं, तिथे खडूने खूण करायची. काच खुणांनी भरली. मग आठवडाभर मला त्या खोलीत मज्जाव. हाकाही नाहीत. लेकीशी फोनच्या स्पीकरवर चाललेलं मात्र ऐकू यायचं. पाठवलेलं चित्र बघून ती म्हणत होती, बाबा, कडांना एवढं सुंदर केलंय, पण मध्ये मोठी पोकळी राहिलीय, तिथे काहीतरी ठेवा ना.

"नाही," हे म्हणाले. "तिथे तुझ्या आईची नजर ठेवायचीय."

मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात परत गेले.

एके दुपारी मला खुर्चीत बसवलं, पडदे ओढले. मी सवयीने तोंड खिडकीकडे करायला लागले, तर ह्यांनी हनुवटी धरून हळूच पुन्हा मध्ये आणली. म्हणाले, आज सरळ बघायचं.

मी सरळ बघितलं. आणि चौफेर रुंद पट्ट्या दिसल्या, एकमेकींभोवती पिळत गेलेल्या, तांब्याच्या, काचेच्या, निळ्या. त्यांच्यावरून उजेड ओघळत होता. मध्ये काही नव्हतं आणि काही असायलाही नको होतं. किती दिवसांनी एखादी गोष्ट मला पुरी दिसत होती, पुसलेली नाही, तुटलेली नाही. टीव्हीला लागून उजव्या हाताला स्टूल होतं, त्यावर त्याच उजेडात हे बसले होते. नाक-डोळे नीट कळले नाहीत, पण माझ्याकडेच बघत होते, तेवढं कळलं.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

मी सावकाश सगळं बघून घेतलं. काउंटरवर बघायचे तसं.

"डावीकडचा निळा मळकट आहे," मी म्हटलं. "बदला."

"मळकट?" हे म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायलाच लागले.