शनिवारची सही

धाकटी मॅडम रोज सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी मला एकच प्रश्न विचारायची, आणि मी रोज तो टाळायचे.

धाकटी मॅडम म्हणजे आमच्या फोनमधला एआय असिस्टंट. अंबडच्या एमआयडीसीत आमचा चाळीस माणसांचा कारखाना, गाड्यांसाठी पत्र्याचे पार्ट बनवतो. आमचे मालक रविराज सर कुठल्याशा सेमिनारला गेले आणि येताना हे खूळ घेऊन आले. बाईच्या आवाजात बोलते, सगळ्यांना कामं वाटून देते, म्हणून पोरांनी तिला धाकटी मॅडम केलं. थोरली मी, हर्षाली, सुपरवायझर. बारा वर्षं माझ्या तोंडाला अख्खा कारखाना टरकून होता. हिच्यापुढे माझीच बोबडी वळली.

तिला काम शिकवायला सरांनी पाच वर्षांच्या फायली स्कॅन करून तिच्यात ओतल्या. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "प्रेस चार. ऑपरेटर फकिरा. शेवटची हजेरी शनिवार. पुढे रजेची नोंद नाही. फकिरा कामावर कधी येणार आहेत?"

फकिरा दोन वर्षांपूर्वी त्याच पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडून गेले. त्या शनिवारच्या दोन दिवस आधी, गुरुवारी.

आता खरं काय ते सांगते. हात आत गेला की प्रेस थांबवणारा एक सेन्सर असतो. तो रोज सकाळी तपासायचा, चेकलिस्टवर टिक करायची, खाली ऑपरेटरची सही, तीच त्याची हजेरी. रोज कोण बसतंय भरत? आमच्याकडे सोमवारीच शनिवारपर्यंतचे रकाने भरून मोकळं व्हायचं. ही पद्धत माझीच. त्या सोमवारी फकिरांनी चहा पिता पिता सहा सह्या केल्या. मंगळवारी सेन्सर बंद पडला. त्यांनी मला सांगितलं. बुधवारी पुन्हा सांगितलं, "मॅडम, मशीन आंधळं झालंय." मी म्हटलं, ऑर्डर निघू द्या, मग बघू.

चौकशीला माणसं आली तेव्हा मी गुरुवारपर्यंतच्या रकान्यांचा फोटो दाखवला. सेन्सर ठीक, खाली सही. म्हणजे नंतर फकिरांनीच तो बंद केला असणार, असं ठरलं. माझी नोकरी वाचली. मेलेल्या माणसाच्या माथी मी माझी चूक मारली.

"चुकीची नोंद आहे, दुरुस्त कर ना," सर म्हणाले. दुरुस्त करायला गेले तर ती गोड आवाजात विचारते, "शनिवारची सही चुकीची का आहे? कारण सांगा." मी फोन उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर कामाच्या यादीत, आज प्रेस चारवर फकिरा. पोरं हसायची. मला मात्र वाटायचं, मान वर केली तर ते तिथे उभे असतील, चहाचा कप घेऊन. मी त्या बाजूनं जाणंच सोडलं.

त्यांची बायको गोजराबाई आमच्याकडेच झाडलोट करते. चांदवडकडची. प्रेस चार पुसताना नव्या पोरांना सांगायची, "सेन्सरला हात नका लावू रे. आमच्या ह्यांनी लावला व्हता." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

परवा दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "ताई, पोरं म्हणतात ती फोनमधली बाई ह्यांचं नाव घेते. मला ऐकवा."

"यंत्र आहे ते. बरळतं काहीतरी."

ती हलेना. मी फोन पुढे धरला. तिनं वाकून विचारलं, "बाई, आमचे फकिरा शेवटचे कवा कामाला आले?"

"शनिवारी," धाकटी मॅडम म्हणाली. "सेन्सर ठीक. ऑपरेटरची सही आहे."

गोजराबाई फोनकडे बघत राहिली. "शनिवारी तर आम्ही त्यांची राख सावडत व्हतो," ती हळूच म्हणाली. "मग सही कोणी केली, ताई?"

"नोंद चुकीची असल्यास कारण सांगा," फोन म्हणाला.

गोजराबाई आणि धाकटी मॅडम, दोघी माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. मी सांगितलं. सोमवारच्या चहापासून सगळं. "त्यांनी कशालाच हात लावला नव्हता, गोजराबाई. मला दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

तिनं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. "दोन वर्षं मीच त्यांना नावं ठेवली," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "तिला पुन्हा सांगा. तुमचं नाव घेऊन सांगा. लिहून घेऊ द्या."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी माझ्या नावासकट.

आज आठ पाचला मी सरांना सगळं सांगायला त्यांच्या केबिनबाहेर उभी होते. शेडमधले चाळीस फोन एकदम वाजले. "प्रेस चार. ऑपरेटर फकिरा. शेवटची हजेरी गुरुवार. सेन्सर मंगळवारपासून बंद. सुपरवायझर हर्षाली यांना दोनदा कळवलं होतं."

कोणी हसलं नाही. गोजराबाई झाडू हातात घेऊन प्रेस चारपाशी उभी होती. तिनं शेजारच्या ऑपरेटरला ते परत लावायला सांगितलं. मग अजून एकदा.