सदतीस, बाकी एक

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे, सदतीस. छत्तीसात एक मिळवला आणि मी झाले, एवढीच माझी जन्मकथा.

तुम्ही पाढे तिसापर्यंत पाठ करता. दोनपासून तीसपर्यंत एकाही पाढ्यात मी भेटत नाही. एक आणि मी स्वतः सोडून मला कुणी पुरतं भागू शकत नाही. शेजारची छत्तीस मात्र सगळ्यांची लाडकी! लोक भांडले तरी आकडा तिचाच काढतात, माझं नाव भांडणातही निघत नाही. तिनाने गुणलं की माझे एकशे अकरा होतात, तेव्हा मुलं टाळ्या वाजवतात आणि पुढच्या गणिताला लागतात. खरं सांगते, वाईट वाटतं.

गेल्या वर्षी सारंगखेड्याला जाहेदाचाचींच्या पुढ्यात मी बसले होते. त्यांचे पती सलाउद्दीनचाचा घोड्यांसाठी पितळी घुंगरं ओतत. ब्राह्मणपुरीच्या हेमराजला त्यांनी तिथल्या घोड्यांच्या यात्रेआधी त्याच्या घोड्याचा साज देण्याचा शब्द दिला होता. घुंगरं ओतून झाली आणि चाचा गेले. माळ ओवायची राहिली.

चाचींनी मोजली. सदतीस. चाचांचा नियम कडक होता. एकपदरी माळ बैलाला, घोड्याला दोन, तीन किंवा चार पदरी, आणि प्रत्येक पदरात घुंगरं सारखी. चाचींनी दोन पदर मांडले, अठरा-अठरा, एक उरलं. तीन मांडले, बारा-बारा, एक उरलं. चार मांडले, नऊ-नऊ, तरी एक उरलंच. आपलंच मोजणं चुकलं असं वाटून त्यांनी पुन्हा मोजलं, आणि पुन्हा मीच निघाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यात्रेला आठ दिवस उरले तेव्हा हेमराज आला.

"चाची, एक काढी टाका ना. घोडा काय मोजस का?"

"त्यासना हातनं शेवटलं काम शे हाई. एकबी काढाव नही," चाची म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले.

सून तमन्ना चामडं कापत होती. ती जवळ आली. उरलेलं घुंगरू तिने उचललं आणि चामड्याच्या गोल चकतीच्या मधोमध ठेवलं.

"अम्मी, हाई एकलं मझार ठेवा. बाकीनं आजूबाजू."

त्याला चिकटून सहा बसली, ना फट राहिली ना दाटी झाली. त्यांच्याभोवती बारा. त्यांच्याभोवती अठरा. एकही उरलं नाही! मित्रांनो, इतकी युगं जगले, पण माझ्या पोटात एवढी जागा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

घुंगरं शिवून झाल्यावर चाची कितीतरी वेळ चकतीवरून हात फिरवत राहिल्या. मग स्वतःच्या हाताने त्यांनी ती हेमराजच्या घोड्याच्या छातीवर बांधली. घोडा तापीकडे निघाला. आवाज ऐकू येईनासा झाला तरी त्या दारातच उभ्या होत्या. घरात आता चाचांच्या हातचं एकही घुंगरू नाही. मलाही तिथे कुणी मोजत नाही.

तुमच्या भागाकारात मी आले तर एक विनंती आहे. उरलेला एक पाटीवरून लगेच पुसू नका. जरा त्याच्याजवळ बसा.