काढून ठेवायचे दात

गिऱ्हाइकाच्या शर्टाला बटण लावून झालं आणि लाँड्रीवाल्या बाईंनी सवयीनं दोरा दातांनी तोडला. दोरा तुटला, पण त्याबरोबर तोंडातही काहीतरी कटकन मोडलं. समोरच्या तीन खोट्या दातांचा ब्रिज, दोन्ही बाजूंच्या टोप्यांसकट, सबंधच्या सबंध त्यांच्या तळहातावर आला. एका टोपीत त्यांच्या स्वतःच्या दाताचा काळा पडलेला तुकडा अडकून राहिला होता.

बाईंनी मूठ मिटली, दुसरा हात तोंडावर धरला आणि मानेनंच गिऱ्हाइकाला सांगितलं, संध्याकाळी या.

मुलगी दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. मुलीला घरात मनी म्हणत. ती शाळेच्या ऑफिसात नोकरीला होती, दोन मुलांची आई होती, पण नाव काही बदललं नव्हतं. दातांची डॉक्टर मनीहूनही लहान होती. तिनं एक्स-रे पडद्यावर लावला आणि सांगितलं, की टोप्यांखालचे दोन्ही दात कुजले आहेत, ते काढावेच लागतील. म्हणजे समोरचे पाच गेले.

"पुढे दोन मार्ग आहेत," ती म्हणाली. "एक म्हणजे इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचे आणि त्यावर दात. अगदी स्वतःच्या दातांसारखे राहतात, काढायची भानगड नाही. पण तुमचं हाड झिजलंय, आधी त्यात भर घालावी लागेल, मग ते धरेपर्यंत थांबायचं. वर्षभर तरी धरून चला. दुसरा मार्ग कवळीचा. ती काढता-घालता येते. महिन्याभरात मिळेल. पण रोज संध्याकाळी काढून, धुऊन, पाण्यात ठेवावी लागेल."

"इम्प्लांटच," मनी म्हणाली. "खर्चाचं मी बघते."

"त्यांना ठरवू दे. जखम भरेपर्यंत तात्पुरती कवळी देते, तोवर विचार करा." डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. "पहिले तीन दात कसे गेले होते?"

"जिन्यावरून पडले," बाई म्हणाल्या.

उत्तर इतकं घोटलेलं होतं, की प्रश्न संपायच्या आत आलं. मनी भिंतीवरच्या दात घासण्याच्या चित्राकडे बघत होती.

जिना खरा होता. लाँड्री खाली, घर वर, आणि मधे अंधारा, पायऱ्या झिजलेला जिना. पण बाई त्यावरून कधी पडल्या नव्हत्या. तीस वर्षांपूर्वी एका रात्री दुकान बंद करताना नवऱ्यानं त्यांना मारलं, तेव्हा त्याच्या मुठीत दुकानाचं कुलूप होतं. कशावरून मारलं, ते आता बाईंनाही नीट सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सासूनं सुजलेल्या तोंडाकडे बघून एवढंच म्हटलं, "आपलेच दात, आपलेच ओठ. बोलायचं कुणाला?" पुढच्या आठवड्यात नवरा स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. "जिन्यावरून पडली," तो म्हणाला आणि बाईंनी मान डोलावली. चांगल्यातला ब्रिज बसवायला त्यानंच सांगितलं. त्या महिन्यात तो फार मायेनं वागला. त्यानंतर मारणं थांबलं नाही, पण तोंड वाचवून मारायचा. वयानं हात थकला तेव्हा कुठे थांबला.

कारखान्यात तो फोरमन होता. निवृत्त झाल्यावरही अख्खी गल्ली त्याला फोरमन म्हणायची. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता तो वरच्या खोलीत खिडकीशी खाटेवर असायचा. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. बाई त्याला भरवायच्या, पुसायच्या, कुशीवर वळवायच्या, आणि मधल्या वेळात खाली येऊन इस्त्री मारायच्या. लोक म्हणायचे, बाईनं नवऱ्याची सेवा करावी ती अशी.

दात काढले, टाके पडले, आणि तात्पुरती कवळी तोंडात आली. तिचं गुलाबी प्लॅस्टिक टाळूला चिकटल्यावर बाईंना पहिल्यांदा मळमळलं. 'शर्ट' म्हणायला गेल्या तर शिट्टी वाजली. संध्याकाळी नवऱ्याचं जेवण आटोपलं आणि डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे कवळी काढायची वेळ झाली.

मोरी दोन पावलांवर होती. तिथं जाऊन पाठमोरं होऊन काढता आली असती. पण बाई खाटेजवळच्या स्टुलावरच बसल्या, त्याच्या समोर. अंगठ्यानं रेटून कवळी काढली, वाटीतल्या पाण्यात ठेवली आणि तोंड थोडं उघडं ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

आपण कशाची वाट बघतोय, ते बाईंनाच धड ठाऊक नव्हतं. त्यानं मान फिरवली असती, डोळे मिटले असते, तरी पुरलं असतं.

फोरमननं बराच वेळ त्या खिंडाराकडे पाहिलं. मग डावा हात उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"ती पायरी," तो जड जिभेनं म्हणाला. "तेव्हाच सिमेंट घालून घ्यायला हवं होतं. माझंच चुकलं."

बाईंना आधी वाटलं, सोंग करतोय. त्यांनी त्याचे डोळे निरखले. हा माणूस खोटं बोलताना कसा दिसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण डोळ्यांत काही लपवलेलं नव्हतं. हळहळ होती फक्त. दवाखान्यात सांगितलेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलेली, बाईंनीच मान डोलावून पक्की केलेली थाप, झटक्यानं आजूबाजूचं सगळं पुसून टाकल्यावर तेवढीच त्याच्याजवळ खरी म्हणून उरली होती.

"पायरी नव्हती," बाई म्हणाल्या. दातांशिवाय शब्द भसाभस वारा सुटल्यासारखे येत होते. "तुम्ही मारलंत. कुलूप होतं हातात."

"मी?"

"तुम्ही."

त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडायला लागला. बाई बघत राहिल्या. त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की अशा झटक्यानंतर माणसाला कशानंही रडू येतं. कालच तो हवामानाच्या बातम्या ऐकून रडला होता. त्यांनी टॉवेलानं त्याचं तोंड पुसलं, कुशीवर वळवलं आणि वाटी उचलून ठेवली.

दुसऱ्या संध्याकाळी त्यानं पुन्हा विचारलं, "पायरीवरून पडलीस ना?"

या वेळी बाईंनी नुसती कवळी काढून वाटीत ठेवली. त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. फिर्याद ऐकायला आरोपीच हजर नव्हता.

जखम भरली आणि ठरवायची वेळ आली. सुट्टीच्या दिवशी मनी खाली दुकानात येऊन बसली. बाई चादरीला इस्त्री करत होत्या.

"मी डॉक्टरशी बोललेय, आई. हाडात भर घालायची तारीख घेऊ या."

"मी कवळीच घेणार आहे."

मनीनं आईपुढे दाताच्या कण्या केल्या. कवळी हलते, हिरड्यांना लागते, तिनं चावता येत नाही. तुझी साखर ताब्यात आहे, तब्येत धडधाकट आहे, अजून वीस वर्षं जगशील. "कायमचे बसव, म्हणजे विषय संपला."

"संपलाच होता की मागे," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं कायमचे बसवलेच होते. आरशात मलाही वाटायचं, काही झालंच नाही. आता तुझ्या बापालाही तसंच वाटतं."

इस्त्रीची वाफ फस्सकन सुटली. मनी घडी केलेल्या कपड्यांचा ढीग सारखा करत राहिली.

"मी जिन्यात होते त्या रात्री," ती मग म्हणाली. "तुम्हाला बोलवायला खाली येत होते. आजीनं मागे ओढलं."

बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. मनी तेव्हा सात वर्षांची होती. झोपली होती, असं बाईंनी स्वतःला सांगितलं होतं.

"कधी बोलली नाहीस."

"तू पडले म्हणालीस. मग मी काय म्हणणार?" मनी उठून उभी राहिली. "म्हणून तर म्हणतेय, पक्के बसवून टाक. ती जागा मला पुन्हा बघायची नाहीये. तुला हवं तर तू बघ. मला का दाखवतेस?"

तिचं म्हणणं खरंच होतं. दाखवायचं होतं ते एका माणसाला, आणि तो बघूनही बघत नव्हता. बघावं लागत होतं ते पोरीला. तरीही बाईंनी कवळीच घेतली. 'हाडात भोकं पाडायची भीती वाटते,' असं डॉक्टरला सांगितलं. इतक्या थापांत आणखी एक.

मनीचं सगळंच खरं ठरलं. कवळीनं टाळूला फोड आला, दोनदा घासून आणावी लागली. सफरचंद सुटलं, पावाचा कडक कोपरा सुटला, गिऱ्हाइकाशी बोलताना जिभेनं कवळी सावरायची सवय लागली. कितीदा तरी बाईंच्या मनात आलं, की आपण उगीच हट्ट केला. दात दाखवून अवलक्षण. मनी यायची ती दुपारी, अन् संध्याकाळच्या आत निघायची. कारण सांगायची नाही, बाईही विचारायच्या नाहीत.

थंडीत फोरमनला ताप भरला आणि मनीला राहायला यावं लागलं. दोघींनी मिळून त्याचं अंथरूण बदललं, औषध पाजलं. त्याला ग्लानी आली. बाईंनी मनीकडे पाहिलं, मग मोरीकडे. दिवसभर कवळी टोचत होती, हिरडी ठणकत होती. शेवटी त्यांनी तोंडावर हात धरून ती काढली आणि वाटीत ठेवली.

"हात काढ," मनी म्हणाली.

बाईंनी हात खाली घेतला. मनीनं पाहिलं. मान खाली घातली आणि पुन्हा पाहिलं.

"फार दुखलं होतं का गं?"

हे बाईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं. ना सासूनं, ना डॉक्टरनं, ना त्यांनी स्वतःला.

"हो," त्या म्हणाल्या. "फार."

खाटेवर फोरमनचा श्वास घरघरत होता. बाईंनी उठून त्याच्या कपाळावरची पट्टी बदलली.